आठव्या कादंबरीचा शेवट

मी त्र्यंबक हरी मोघे, वय एकोणसत्तर, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार कल्याण, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या भिडेखातर नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत. पाठ असलेली एकही कविता गेलेली नाही.

१. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते कन्या मंदाकिनी हिला द्यावे. ती लग्न करो वा न करो, आणि केल्यास कोणाशी, यावर हा हक्क अवलंबून नाही. चिरंजीव प्रभाकर यास माझे घड्याळ व शिसवी टेबल. "लोक काय म्हणतील" हे त्याचे वाक्य त्याच्याकडेच राहू द्यावे. ते त्याला मीच शिकवले.

२. माझ्या नावावर सात ऐतिहासिक कादंबऱ्या आहेत. प्रत्येकीत हुशार मुलगी कोणाच्या ध्यानीमनी नसलेला नवरा निवडते: किल्लेदाराची लेक नावाड्याला, शास्त्र्यांची विधवा सून तोफा ओतणाऱ्याला. मी चांदणे, नदीकाठ आणि घोड्यांच्या टापा सांगत असे. छापखान्याची प्रत मंदा लिहीत असे, आणि नायिकेचे बोलणे तिचेच. म्हणून सर्व हक्क तिचे. पुढील आवृत्तीवर नावही तिचे. तिसऱ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर प्रकाशकांनी नायिकेच्या हातात तलवारीऐवजी कमळ दिले, ते मी अजून माफ केलेले नाही.

३. आठवी अपुरी आहे. सन १९४७ मध्ये ठाण्याच्या छापखान्यातले बाइंडर विश्राम धाकू पाताडे पुस्तके घेऊन आमच्याकडे येत. त्यांनी मंदेला मागणी घातली. मी म्हणालो, "आमच्या घरात असले चालत नाही." सातव्या कादंबरीची शाईसुद्धा वाळली नव्हती. पुढे आठवीच्या वहीत मंदेने एक नवा माणूस आणला, जरा लंगडणारा, बोटांना खळीचा वास असलेला.

"हा कोण?"

"दप्तराच्या पोथ्या कोणी तरी बांधल्या असतीलच की, नाना."

मी त्याला लाल पेन्सिलीने खोडले. तिने वही मिटली ती नऊ वर्षे उघडली नाही, लग्नही केले नाही. पाताडेही एकटेच राहिले. ती वही मंदेची. शेवट तिने करावा. लाल पेन्सिल माझ्याबरोबर जाळावी.

४. तेराव्याला भाषणे नकोत. जुन्या विद्यार्थ्यांनी एखादी कविता चालीवर म्हणावी. अर्थ सांगू नये.

कल्याण, ता. ९ डिसेंबर १९५६
(सही) त्र्यं. ह. मोघे

साक्षीदार:
१. (सही) मधु गोविंद साठे, शेजारी
२. विश्राम धाकू पाताडे, बाइंडर, ठाणे (खोडले)

खाडाखोडीचा खुलासा: पाताडे यांना मीच पत्र घालून बोलावले होते. माफी मागायचीच, तर कागदावर मान देऊन मागावी, असे वाटले. त्यांचे नाव लिहून झाले, सही व्हायची होती. वकिलांनी रीतीप्रमाणे विचारले, "ज्यांना मिळायचे आहे त्यांच्याशी तुमचे काही नाते?"

"नाही," पाताडे म्हणाले.

मंदा पदराला हात पुसत बाहेर आली. "वकीलसाहेब, दुसरा साक्षीदार बघा. नाते होणार आहे."

"यांना विचारलंत का?"

"त्यांनी विचारलं होतं. उत्तर आत्ता देतेय."

पाताडे यांनी हातातला टाक खाली ठेवला. त्यांचे नाव मी दुसऱ्यांदा खोडले, या वेळी शाईने.

(सही) त्र्यं. ह. मोघे
साक्षीदार २: (सही) पोपट रतन शहा, वकील, कल्याण