मागच्या झाडाचा अर्ज

ती. भावोजींस,

साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नसल्यामुळे उभ्याउभ्याच घातला आहे, चालवून घ्यावा). आपली कंबर कशी आहे? ताईचा खोकला थांबला का? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे आज सकाळपर्यंत तरी होतो. मागच्या झाडाचा काही नेम नाही.

आमच्या झोपायच्या खोलीमागे जे झाड आहे, ते दोन वर्षांपासून खोलीकडे कलतं आहे. मी रोज खिडकीच्या गजाला फूटपट्टी लावून बघतो. ही म्हणते, झाड आहे तिथेच आहे, तुम्हीच वाकत चालला आहात. (हिला कसली भीती? हिच्या घोरण्यापुढे झाड पडल्याचा आवाजसुद्धा ऐकू यायचा नाही.) शेवटी मी झाड तोडणाऱ्याला बोलावलं. त्याने कुऱ्हाड खांद्यावरून उतरवली मात्र, वसाहतीचा पहारेकरी शिट्टी फुंकत हजर! इथे म्हणे अंगण आपलं असलं तरी झाडावर हुकूम कमिटीचा. खाली पडलेली पानं तेवढी आपण झाडायची.

ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी नियमांचं जाडजूड पुस्तक हातात दिलं. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, मला त्यातलं कळलं ते एवढंच, की बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा आणि दोन फुटांच्या वर भरला तर परवानगी काढायची. हिच्या शिवणाच्या टेपने मोजला, सव्वादोन भरला. मग तपासायला सेक्रेटरी आले. माणूस ताडमाड उंच, त्यांच्या छातीशी पावणेदोनच भरला. म्हणजे परवानगीची भानगडच नाही! मी आनंदाने त्यांचा हात धरला, तर ते म्हणाले, "काका, अर्जदार कोण? तुम्ही. मग छाती तुमचीच धरायची."

मग अर्ज केला. कारणाच्या रकान्यात खरं ते लिहिलं, 'भीती वाटते'. अर्ज परत आला. कारणं तीनच चालतात : झाड मेलेलं, किडलेलं किंवा भिंत फोडलेलं. मी म्हटलं, "अहो बाई, ते भिंत फोडून माझ्या अंगावर आल्यावर अर्ज कोण करणार?"

"वारसांना करता येतो, काका. त्याचा फॉर्म वेगळा असतो."

मग 'किडलेलं' असं लिहिलं. त्यावर पाहणीला एक माणूस आला, त्याने बुंध्याला लाल फीत बांधली आणि माझी सही घेतली. सही कशावर केली ते नंतर कळलं. निकाल लागेपर्यंत झाडाची तब्येत सांभाळायची जबाबदारी माझी! वाळलं तर मी मुद्दाम मारलं असं धरणार. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ दोन-दोन बादल्या पाणी घालतो आहे. मागच्या आठवड्यात खतही घातलं. भावोजी, ज्याच्यापासून जीव वाचवायचा त्यालाच मी पोसतो आहे. त्याला भरगच्च पालवी फुटली आहे आणि सगळा भार खोलीच्या बाजूला आहे. कमिटीची पुढची बैठक चार महिन्यांनी. तोवर मी आहे की नाही, कुणी सांगावं?

असो. तब्येतीला जपावे.

आपला धाकटा मेहुणा

ता. क. : आपण बरीच वर्षं आमच्याकडे आला नाहीत. ह्याच आठवड्यात या. मागची खोली आपल्यासाठी रिकामी केली आहे. हवेशीर आहे. खाट खिडकीलाच लावली आहे. आम्ही दोघं पुढच्या खोलीत झोपू, आमची काळजी नको.

ता. क. २ : आपल्यापासून लपवणं बरं नाही, म्हणून लिहितो. पुस्तकात एक नियम सापडला आहे. घरच्यांना धोका ठाऊक असतो, म्हणून त्यांचा अर्ज रांगेने. पण त्या खोलीत पाहुणा मुक्कामाला असेल, तर झाड दुसऱ्याच दिवशी उतरवतात. पाहुण्याची सही लागते. म्हणजे आपल्याला एकच रात्र काढायची आहे.

ता. क. ३ : ताईला आणू नये. मला एकच बहीण आहे.