क्लेटनच्या कॉलेजातला सामना

अर्लीन,

तुझी ड्यूटी संपेपर्यंत मी हायवेला लागलेला असेन. शेजारच्या ऑडेलच्या गाडीतून शनिवारच्या सामन्याला, आपल्या क्लेटनच्या कॉलेजात चाललोय. आपल्या जुन्या कॉलेजची पोरं यंदाही हरणार, हे ऑडेलसुद्धा कबूल करतो. मला त्याचं काही नाही. "वैऱ्यांच्या कॉलेजात गेलास, तर या घरात पाऊल टाकू नकोस," असं मीच क्लेटनला बोललो, आणि पोरानं तीन वर्षं ते पाळलं. काल फोन केला, तर म्हणाला, "कोण बोलतंय?" आवाज ओळखला होता गं त्यानं. तरी सामन्याआधी त्यांच्या फाटकाशी उभा राहीन. तो येणार नाही. तू भाजलेला मक्याचा पाव त्याच्यासाठी नेतोय. डबा भरलेलाच परत आला, तर काही विचारू नकोस.

हॉरेस