बाबाच्या पायावरची फिल्म

माय, लिहिण्यात चुका होतीन, समजून घेजो. नववीतच शाळा सुटली अन मोबाईलवर एका बोटानं टाईप कराले मले लय टाईम लागते. तोंडानं तं मले कोणापुढंच नीट बोलता येत नाही, हे तुले माहीतच हाय.

मी आता मलकापुरात एका मॅडमच्या शेडात कामाले जाते. तथी आमी पेरूले गुंडाळाची फिल्म बनवतो. दिसाले पन्नीसारखी, पण हाय मक्याच्या स्टार्चची. त्याच्यात झिंग्याच्या टरफलाची पावडर व्हिनेगरात विरघळवून टाकतात अन कडूलिंबाच्या पाल्याचा अर्क. शिजवून काचेवर ओतायचं काम माहं. मॅडम एका थाळीत जंतू वाढवते अन त्याच्यावर टिकलीएवढी फिल्म ठेवते. दुसऱ्या दिवशी थाळीभर जंतू, पण टिकलीभोवती साफ गोल, तथी एक बी जंतू नाही. तो गोल मी पहिल्यांदा पाह्यला तवा मले तुहाच पाय आठवला.

तुह्या पायात कापसाच्या पऱ्हाटीचा खुट घुसला होता. तू हळद अन कडूलिंबाचा पाला वाटून लावत होती, वरून जुन्या लुगड्याची चिंधी. चिंधी सोडाचं काम माहं, मी दहा वर्षाची. चिंधी चिकटून बसे अन ओढली का पुन्हा रक्त. "हळू ओढ वं, पाय हाय माहा, कांदा नोय सोलाले," तू म्हणे अन हसे. मंग एक दिवस चिंधी सोडली तं आतून काळं दिसलं, वास आला. तू म्हणली, "बाबाले सांगशीन तं माही शपथ हाय. वेचणीचे दिवस हाय, ते मले दवाखान्यात नेऊन बसवतीन." मी नाही सांगितलं. चिंधी चुलीत टाकली अन हात दोनदा धुतले. तुले शुगर हाय हे तं दवाखान्यात नेल्यावर समजलं, तवा लय उशीर झाला होता, तू घरी परत आलीच नाही.

आता बाबाचा पाय. जिनिंगमधी कापसाच्या गाठी उचलताना पायाले लोखंडी पट्टी लागली. शुगर बाबाले बी हाय, गोळी खातात कवा, कवा नाही. पंधरा दिवस झाले, जखम भरून नाही राह्यली. "कोणाले सांगू नोको," बाबा म्हणते, "मुकादम घरी बसवीन." माय, तुमी दोघं बी मलेच काऊन सांगता वं?

मॅडमले इचाराचं म्हणून मी तीन दिवस शब्द जुळवले. शेवटी म्हणलं, "मॅडम, ही जखमेवर लावली तं?" मॅडम म्हणे, "तशा फिल्म वेगळ्या असतात, त्यांची तपासणी वेगळी. ही फळासाठी आहे. कोणाला जखम झालीये?" मी म्हणलं, "कोणालेच नाही." अन भांडे धुवाले निंघून गेली.

त्याच दिवशी माहा घोटाळा झाला. वाफेचे पापड टाकताना तू थाळीले तेलाचं बोट फिरवे ना, तसंच मी काचेले फिरवलं. फिल्म कशी सुरकन निंघाली! मॅडमनं हातात घेतली अन म्हणे, "काचेला तेल कोणी लावलं? अगं, हे काय पापड आहेत का?" कामावरच्या सगळ्या बाया हसल्या. त्या फिल्म फेकून दे म्हणे. मी फेकल्या, एक सोडून. चोरी नाही केली मी, माय.

बाबा झोपले होते. जखम धुतली अन फिल्म बसवली. किती साफ दिसत होती, आरपार. मले वाटलं आता तो गोल होईन. सकाळी पाह्यलं तं फिल्म फुगून शेंबडासारखी झालती. पुसाले गेली तं तिच्यासंगं कातडं निंघालं अन खालून तोच वास. मले तो वास कुठंबी समजते.

मी म्हणलं, "बाबा, दवाखान्यात चाला." बाबा म्हणे, "काहून? तुह्या मायचं बी दवाखान्यात नेल्यावरच बिघडलं." तवा माह्या तोंडातून निंघून गेलं. "नाही बाबा. मायचं आधीच काळं झालतं. मी पाह्यलं होतं. मायनं शपथ घातली म्हणून मी सांगितलं नाही."

बाबा उठले. मले वाटलं मारतीन. मारलं असतं तं बरं झालं असतं. पायाले फडकं गुंडाळलं, चप्पल हातात घेतली, कारण आता ती पायात जात नाही, अन तसेच कामावर गेले. डबा इथंच राह्यला. मी दारातून दोनदा "बाबा" म्हणलं, पण माहा आवाज किती निंघते तुले माहीत हाय. तुही शपथ मोडली अन त्याचा बी काही उपयोग झाला नाही. आता मॅडमले सांगू का मुकादमाले, का कोणालेच नाही, मले काहीच सुचून नाही राह्यलं.

एक सांगू? तुह्या अंगाचा वास आठवाले बसली का मले जखमेचाच आठवते. दुसरा कोणता होता, आठवतच नाही.

अन हो, बाजूच्या काकूच्या बकरीले आज तीन पिल्लं झाले. तिन्ही जित्ते हाय.