कविता संपेपर्यंत

३१ मार्च, मंगळवार

ठक्, ठक्, ठकठक! गुरुजींची लाकडी पट्टी टेबलावर. चौथीचा वर्ग, चाळीस मुलं, एका सुरात चंद्रावरची कविता. आज पहाटे झोपेत तोच ठेका ऐकू आला आणि उठून बसलो. गुरुजी गेले, शाळेची इमारत गेली, वर्गातली निम्मी मुलं गेली. ठेका मात्र आहे तस्सा!

त्याच ठेक्यावर मी एक्स्पोजर मोजतो. अंधारात घड्याळ कुठे दिसतंय? शटरची केबल दाबायची आणि बारा ओळी मनात म्हणायच्या. बरोबर पंचेचाळीस सेकंद. ही हसायची — "चंद्राला त्याचीच कविता ऐकवणारा फोटोग्राफर जगात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला!" सहा वर्षं झाली तिला जाऊन.

स्टुडिओत जन्मभर पासपोर्ट फोटो काढले. लोकांना "हलू नका" सांगण्यात हयात गेली. आता एकच फोटो हवाय. तलावावर चंद्र, आणि पाणी काचेसारखं. शेवटचा रोल भरला.

१ एप्रिल, बुधवार

आजचा फोटो फुकट गेला. चंद्र छान वर आला होता, आठवी ओळ चालू होती, तेवढ्यात तलावाचा पहारेकरी धक्क्यावर चढला. त्या फळ्यांवर मांजर चाललं तरी कॅमेरा हलतो! बिचाऱ्याने कान पकडले. रोज आठला येतो, आज लवकर आला होता — चहाचा थर्मास घेऊन, माझ्यासाठीच.

नावाडी नाव ढकलता ढकलता ओरडला, "ओ काका, चांदोबाला म्हणावं जरा हसा! मान सरळ!" मी म्हटलं, तू तुझे मासे बघ. तर म्हणतो, "मासे पण हलतात हो, काय करू!"

वात्रट आहे. पण त्याच्यावाचून तलाव सुना वाटेल.

२ एप्रिल, गुरुवार

जमलं! जमलंच बहुतेक!

सव्वासात. चंद्र पंपघराच्या छपराला नुकताच टेकलेला, आभाळात अजून थोडी निळाई, वारा पडलेला. धक्क्यावर मी एकटा. केबल दाबली. पाचव्या ओळीला पाण्यावरून नावाड्याची हाक — "ओ काका!" सातव्या ओळीला पुन्हा. आज याला मस्करी सुचावी! मी मोजताना मिटलेले डोळे न उघडता हात वर करून त्याला गप्प केलं. गणती चुकू दिली नाही.

टोपण लावून पाहिलं तर त्याचा कंदील दिसेना. वळणापलीकडे गेला असणार. सामान आवरलं आणि कितीतरी दिवसांनी गुणगुणत घरी आलो.

३ एप्रिल, शुक्रवार

पेपरवाला सांगून गेला. नाव पालथी सापडली. नावाडी नाही.

४ एप्रिल, शनिवार

सापडला. जाळ्यात पाय गुंतले होते.

संध्याकाळी पहारेकरी आला. बसेना. दारातच म्हणाला, "काका, मी आठला आलो तेव्हा नाव जागेवर नव्हतीच. वाटलं, पलीकडे बांधली असेल. आता तलावाचे साहेब म्हणतात, तूच अंधार पडल्यावर नाव सोडलीस, तुझ्याच पहाऱ्यात गेला. तुम्ही होतात का हो गुरुवारी?"

मी म्हटलं, "नाही. सर्दी होती."

इतकं सहज! जीभ चाचरलीसुद्धा नाही. उलट तोच म्हणाला, "जपा, वाफ घ्या."

५ एप्रिल, रविवार

रोल धुवून वाळवला. मग न्हाणीघरात, लाल दिव्याखाली, प्रिंट काढली. ट्रे खाली फरशीवर ठेवला. कागदावर आधी चंद्र आला, किंचित लांबट. मग पंपघराचं छप्पर. मग पाणी. असं पाणी मी आयुष्यात काढलं नव्हतं! एक तरंग नाही.

आणि त्या पाण्यावर एक रेघ. कंदिलाची. उजवीकडून निघते, सरळ येते, आणि मध्येच तिचा गुंता होतो. एखाद्या पोराने चिडून वहीवर गिरवावं तसा. पुढे काही नाही. नुसतं पाणी.

तो मस्करी करत नव्हता.

धक्क्याच्या खांबाला दोर लावलेली रबरी ट्यूब टांगलेली असते. माझ्यापासून चार पावलांवर. नावेपर्यंत पोचली असती की नाही, देव जाणे. पण मी ती काढलीच नाही ना! मला सातवी ओळ पुरी करायची होती. त्यानंतर पाच ओळी राहिल्या होत्या. एकोणीस सेकंद.

दोघांनी मिळून केलेला फोटो आहे हा. एक जण बुडत होता, एक जण हलत नव्हता.

६ एप्रिल, सोमवार

पहारेकऱ्याला आठवड्यात खोली सोडायला सांगितलंय. नोकरी गेलीच. त्याची पोरं कॉटवर बसून भांडी कागदात गुंडाळत होती.

हा फोटो दाखवला तर तो सुटेल. चंद्र छपराला टेकलाय, म्हणजे सव्वासात. शेंबडं पोरही सांगेल, त्याचा पहारा तेव्हा सुरूच झाला नव्हता. पण मग विचारतील, फोटो काढला कुणी? आणि काढणारा काय करत होता?

कात्री घेऊन निगेटिव्ह समोर धरलं. कापवेना. लाज अशी वाटली, की पहारेकरी सुटावा म्हणून नव्हे, फोटो चांगला आलाय म्हणून कापवेना!

दिवसभर कविता आठवायचा प्रयत्न केला. सातव्या ओळीपुढे जातच नाही.

उद्या सकाळी साहेबांकडे जातो. उद्या नक्की.

७ एप्रिल, मंगळवार

निघालोच होतो. पाकिटात फोटो, पायात चपला. कडी काढली तर समोर एक बाई. आधी कधी पाहिली नव्हती. तिनेच सांगितलं — नावाड्याची बायको.

"घर शोधण्यात सकाळ गेली. राग मानू नका काका, एकच विचारायचंय. नाव गळत होती, मी त्यांना जाऊ देत नव्हते. तर म्हणाले, घाबरतेस काय, काका असतात धक्क्यावर, हाक मारली की धावतील. रोज असता ना तुम्ही? पहारेकरी म्हणतो, गुरुवारी तुम्ही नव्हता. मग त्याच दिवशी कसे नाही आलात हो? बरं नव्हतं का?"

बाहेर खुर्चीवर बसली आहे. पाणी आणतो म्हणून आत आलोय आणि उभ्याउभ्याच हे लिहितोय.