साहब अब नहीं रहे

जानकीपुरम, लखनौ
२२ नोव्हेंबर २०२४

ती. आईंना सा. नमस्कार.

मेतकूट पोचलं. अंतरा दह्यात कालवून खाते आणि वर "दादी से बोलो, और भेजें" म्हणते. मराठीत मागशील तरच मिळेल, असं सांगून पाहिलं. ढिम्म! गुडघ्यांचा व्यायाम चुकवू नका. आणि हे पत्र शेवटपर्यंत वाचा. वाचून रागावा हवं तेवढं, पण मला तोडू नका.

ऑफिसात एका शाळेच्या वळणदार वाटेवरच्या, उभ्या पट्ट्यांच्या मांडवाचं काम आहे. कॉम्प्युटरवर एक वाकडी रेघ काढायची, एका बाजूने रंगवलेली एक पट्टी द्यायची, पहिली कशी उभी आणि शेवटची कशी, एवढंच सांगायचं. मधल्या सगळ्या तो आपोआप उभ्या करतो, प्रत्येक शेजारणीपेक्षा जराशीच वळलेली. शाळेच्या चंद्रप्रभा मॅडमनी चित्र पाहून विचारलं, पहिली नि शेवटची एकमेकींना पाठमोऱ्या आहेत, मग नेमकी फिरली कुठली? मी दाखवायला गेले, तर बोट ठेवायला जागाच सापडेना. तिथेच, सगळ्यांसमोर, रडू फुटलं. आमच्या सुधीर सरांना वाटलं, कामाचा ताण. सुट्टी घे म्हणाले.

निरंजन वेळेवर जेवतो का, असं तुम्ही दर रविवारी विचारता, मी हो म्हणते. खरं तर मला माहीत नसतं.

गेल्या आठवड्यात चौकीदाराने विचारलं, साहेबांची गाडी दिसत नाही. मी दमून आलेली, हिंदी कुठलं धड सुचायला. 'आता इथे राहत नाहीत' म्हणायचं होतं, तोंडून गेलं, "साहब अब नहीं रहे." तो बिचारा मटकन खालीच बसला. बघता बघता बायका डोक्यावर पदर घेऊन दारात, कुणी तर आमच्यासाठी जेवणही घेऊन आलेली. हसू येत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं होतं. शेवटी सांगावंच लागलं, साहेब ठणठणीत आहेत, तेलीबागला वेगळे राहतात. उन्हाळ्यापासून.

त्या बायकांत तुमच्या साताऱ्याच्या विजयाताई होत्या. त्यांच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. खरं तर निरंजननेच सांगायचं ठरलं होतं, पण त्याला धीर होत नाही आणि मला आता खोटं बोलवत नाही.

तिसरं कुणी नाही, आई. धड भांडणही नाही. जेवायला थांबू नकोस, उद्या बोलू, असं म्हणता म्हणता बोलायचंच राहिलं. समजावायला येऊ नका. दोघांनीही सगळं करून पाहिलं. फार थकलेय मी. अंतरा माझ्याकडे राहील, सुट्टीत तुमच्याकडे पाठवीन, ते कुणी अडवणार नाही.

कागद लवकरच होतील. माझी आई गेल्यापासून ताप आला की मी तुम्हालाच हाक मारते, हे निरंजनला माहीत आहे. तुम्हाला नसेल. वकिलांना मी विचारलं, नवरा सुटला की सासूचं काय करायचं? ते हसले. मी चेष्टा करत नव्हते.

दर पत्राखाली 'तुमची सून' लिहिते. आज ते तुमच्यावर सोडलंय.

तुमची
जुई