बेदाण्याचं उदाहरण

१२ जानेवारी

नव्या नोकरीत सकाळच्या मीटिंगला ‘स्टँड-अप’ म्हणतात म्हणून मी उभी राहिले — बाकी सगळे बसलेलेच! नऊ वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवलं, उभं राहायची खोड जाईल कशी? टीम लीड तेजल हसली नाही. माझीच विद्यार्थिनी. दुपारी हळूच म्हणाली, “मॅम, इथे सगळ्यांसारखं मी पण तुम्हाला संध्या म्हणणार. चालेल ना?” चालेल म्हटलं. न चालून सांगते कुणाला!

१५ जानेवारी

थकले. डोळे चुरचुरताहेत.

३ फेब्रुवारी

काम एकदाचं कळलं. मुलांना धडे समजावणारं ॲप. त्याची उत्तरं वाचायची, चुका काढायच्या, सोपं करून लिहून द्यायचं. म्हणजे पेपर तपासणंच, फक्त गठ्ठा संपत नाही. मला कायम करायचं की नाही ते एप्रिलअखेर ठरणार. दर जूनला नव्याने मुलाखत द्यायची, हात जोडायचे — ते तरी सुटावं.

नवनाथ सरांचा फोन. ते अजून कॉलेजातच, तासिकेवरच. “मॅडम, स्टाफरूममधी तुमची खुर्ची रिकामीच हाय. चहा पण लय पुळचट होतो.” चहा मीच करायचे ना!

१९ मार्च

तेजल वैतागली. “संध्या, परासरणाचं उत्तर बरोबर आहे, पण मुलं झोपतील. वर्गात सांगतात तसं लिहा ना.”

वर्गात मी तरी कुठे तसं सांगायचे! ते नवनाथ सरांचं. वणीजवळ त्यांची द्राक्षबाग. खिशात बेदाणे घेऊनच तासाला जायचे. “बेदाणा म्हंजी तहानलेला पाव्हणा! पाणी द्या, फुगतो. साखरेच्या पाकात टाका, रुसून बसतो!” शेजारच्या वर्गात माझी पोरंसुद्धा तिकडेच कान लावून.

तेच लिहिलं. भाषा तेवढी नीट केली. सरांना विचारायला हवं होतं — पण फोन उचलायचंही त्राण नव्हतं.

२९ एप्रिल

कायम झाले! तेजलने सगळ्यांसमोर माझा बेदाणा वाचून दाखवला. टाळ्या. आईला सांगताना रडूच आलं. नऊ वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं — राहा म्हणून. सरांकडे पेढे घेऊन जायचंय. रविवारी.

८ जून

तो रविवार काही उगवत नाही.

१७ जून

सरांचा फोन. कॉलेजने आमचं ॲप घेतलं. तासिकेवरच्यांना यंदा बोलावणार नाहीत. आवाज मात्र हसरा — “मॅडम, गंमत ऐका! ते बी बेदाणाच सांगतं. पाव्हणा, रुसणं, समदं तस्संच! म्हंजी आपण बरोबर शिकवत होतो बघा.”