करवत कोणी ढकलली

थोरले बंधू अल्बी यांस, धाकट्या रॉलीचा टास्मानियातून मनापासून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? लोर्नावहिनीचा खोकला गेला का? तिकडे ब्रिस्बेनला म्हणे बारा महिने अर्ध्या बाह्यांत फिरतात; इथे मी दोन स्वेटर चढवून हे लिहितोय. आम्ही सगळे मजेत. (मजेत म्हणजे मी यंदा जत्रेत हरलो, पुन्हा कौन्सिलला उभा आहे आणि गावात तोंड दाखवायची सोय नाही. एवढं सोडलं तर मजेत.)

तू गेल्यापासून जत्रेतल्या दुहेरी करवतीच्या शर्यतीला मी नऊ जोडीदार बदलले. एकही धड निघाला नाही. (नऊच्या नऊ जण माझ्याबद्दल हेच सांगत फिरतात, त्यांचं तू ऐकू नकोस.) यंदा खुद्द नगराध्यक्ष लनन करवतीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला. निवडणूक तोंडावर आलेली, त्याला फोटो हवा होता आणि मला जोडीदार. (मलाही फोटो हवा होता, खोटं कशाला बोलू!) या करवतीचा नियम तुला काय सांगायचा? आपल्या बाजूला ओढायची, समोरचा ओढेल तेव्हा हात सैल सोडायचे. जरा ढकललं की पातं वाकतं, ओंडक्यात अडकतं आणि शर्यत बोंबलते. परसात बाबांनी हे शिकवताना माझा कान लाल होईस्तोवर पिळला होता. तुझा नाही, तुला मेल्या पहिल्याच दिवशी जमलं. तुझ्याबरोबर कापताना करवत आपली आपण चालतेय असं वाटायचं. त्याची फार आठवण येते रे दादा.

तर लनननं चौथ्याच खेपेला ढकललं. पातं अडकलं ते अडकलंच. शेजारच्या फॅझकर्ली बहिणी कापून, घाम पुसून, चहा प्यायला गेल्या तरी आमचा ओंडका अर्धाच. मी तोंड उघडणार तोच गडी माइकपाशी पोचला. आधी म्हणाला लाकडात गाठ होती, मग म्हणाला वारा आडवा होता, मग म्हणे मागच्या कौन्सिलनं लाकूडच चुकीचं मागवलं. (मागच्या कौन्सिलचा नगराध्यक्षही हाच.) शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "मंडळी, मी ओढतच होतो. ढकललं आमच्या रॉलीनं. आता वय झालं त्याचं, कोणी बोलू नका त्याला." असा संताप आला म्हणून सांगू! मी त्याचं सगळं खानदान काढणार होतो, पण आपली पंच ग्वेंडा घड्याळ खिशात टाकत मध्ये पडली. "ओरडतोस कशाला, रॉली? भाषण तुझंच आहे. अकरा वर्षांपूर्वी ह्याच माइकवर अल्बीबद्दल तू हेच बोललास. खांद्यावरच्या हातासकट!" अख्खं मैदान हसलं. मीही हसलो, आणि मग गाडीत जाऊन बराच वेळ बसून राहिलो.

असो. गुडघा शेकत जा. वहिनीला नमस्कार.

तुझा धाकटा,
रॉली

ता. क. गाडीत बसलो ते डोळ्यांत भुसा गेला म्हणून.

ता. क. दुसरा. भुसा नव्हता.

ता. क. तिसरा. त्या वर्षी ढकललं ते मी. मी तेव्हा पहिल्यांदाच कौन्सिलला उभा होतो. म्हटलं, करवत धरता येत नाही त्याला गाव कोण हातात देईल? तू तो दोष आपल्या अंगावर घेतलास आणि महिन्याभरात घर आवरून निघून गेलास. निवडून आल्यावर सांगीन म्हणत होतो. तीनदा निवडून आलो. परवा आपल्या करवतीच्या क्लबच्या सभेत सगळ्यांसमोर उभं राहून सांगून टाकलं. (यंदा पडणार हे नक्की. ह्या खेपेला वाऱ्याला दोष देणार नाही.)

ता. क. शेवटचा. पुढच्या जत्रेसाठी आपल्या दोघांची नावं देऊन आलोय. गुडघ्याचं मला कळतं; जिंकायचं नाहीच आहे, तू नुसती समोरची मूठ धर. नाही आलास तर गावात सांगीन की पत्र पोस्टात गहाळ झालं. अल्बी, माझ्या तोंडून आणखी एक थाप निघू देऊ नकोस. ये.